जुनं विंडोज काढून जागा मोकळी करणे: प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

डिस्क भरत आल्याचा इशारा आज पुन्हा आला. पंधरा दिवसांतला हा तिसरा. रूट फाइल सिस्टिम (माझं लिनक्स आणि त्यातल्या सगळ्या फाइली जिथे राहतात ती) ११५ जीबी, त्यातले १०६ वापरलेले, मोकळे जेमतेम ३. मधल्या सहाचा हिशोब नंतर लावते. म्हणजे ९७ टक्के भरलेली. पॅकेजचा कॅशे पुसला, कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) जुन्या प्रती काढल्या, लॉग आटोक्यात आणले. हे सगळं आधीही दोनदा केलंय. दर वेळी दोन-तीन जीबी हाती लागतात आणि आठवड्याच्या आत जातात. खरी जागा खातात त्या कंटेनरच्या (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रामच्या) इमेजेस आणि दोन व्हर्च्युअल मशिन (मशीनच्या आत चालणारी मशीन). ते रोजच्या कामाचं सामान आहे, त्यावर कात्री चालवता येत नाही.

त्याच एसएसडीवर १२० जीबीचं विंडोज १० मात्र नुसतं पडून आहे. हा लॅपटॉप आधी बाबांचा. त्यांनी नवा घेतला आणि हा माझ्याकडे आला, तेव्हा डिस्कचे साधारण निम्मे-निम्मे भाग करून उजवीकडच्या भागात डेबियन हे लिनक्स टाकलं आणि डावीकडचं विंडोज ‘लागलं तर असू दे’ म्हणून ठेवून दिलं. ते शेवटचं मागच्या वर्षी मार्चमध्ये उघडलं होतं, तेही एका प्रिंटरसाठी. आता तर १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी सिस्टिम नेटला जोडून वापरायची माझी तयारी नाही. म्हणजे ‘लागलं तर’ हे कारणही उरलं नाही.

ठरलं, काढायचं. पण घाईनं नाही. पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) डिलीट करायला एक क्लिक पुरते आणि म्हणूनच भीती वाटते. शनिवार-रविवार धरून दोन-तीन आठवडे देते. डेबियन एक दिवसही बंद राहता कामा नये, आणि शेवटचं पाऊल टाकेपर्यंत परतीची वाट उघडी हवी.

२ नोव्हेंबर, रविवार

आज एकाही गोष्टीला हात लावला नाही, फक्त नकाशा काढला. एलएसबीएलके आणि बीएलकेआयडी या डिस्कचे भाग दाखवणाऱ्या दोन कमांडींचं उत्तर समोर ठेवून कागदावर एक लांब पट्टी आखली आणि डावीकडून उजवीकडे खोल्या पाडल्या:

पहिलं पार्टिशन: ईएफआय सिस्टिम (मशीन चालू होताना आधी वाचतं ते), १०० एमबी, फॅट३२.
दुसरं: मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड, १६ एमबी, आत फाइल सिस्टिमच नाही.
तिसरं: विंडोज, १२० जीबी, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम).
चौथं: विंडोज रिकव्हरी, ५२९ एमबी.
पाचवं: डेबियन, ११७.८ जीबी, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम).

बेरीज २३८.५ जीबीच्या आसपास. डिस्क ‘२५६ जीबी’ची आहे, तरी कुठे काही हरवलेलं नाही. बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि या कमांडी १०२४ च्या. यापुढे या नोंदींत सगळीकडे १०२४ वालाच जीबी धरते, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

हा कागद पुढ्यात आल्यावर दोन गोष्टी कळल्या.

पहिली ईएफआय पार्टिशनची. त्यातले फोल्डर उघडून पाहिले: एक मायक्रोसॉफ्टचं, एक डेबियनचं आणि एक नुसतं ‘बूट’ नावाचं. म्हणजे हे पार्टिशन दोन्ही सिस्टिम मिळून वापरतात. विंडोजनं बनवलं, आकारानं लहान, आणि यादीत विंडोजच्या सामानालाच लागून, त्यामुळे ‘हेही त्याचंच’ असं समजून उडवायला सोपं. ते उडवलं असतं तर ग्रब, म्हणजे डेबियन सुरू करून देणारा प्रोग्रामही, त्याच्याबरोबर गेला असता. कागदावर त्याच्याभोवती लाल चौकट केली.

दुसरी जास्त अवघड. मोकळी होणारी जागा डेबियनच्या डावीकडे आहे. उजवीकडे असती तर काम सोपं होतं: पार्टिशनचा शेवट पुढे सरकवायचा, फाइल सिस्टिम वाढवायची, तेही चालू सिस्टिमवर. डावीकडे वाढवायचं तर पार्टिशनची सुरुवात मागे न्यावी लागते, आणि ईएक्सटी४ आपला हिशोब सुरुवातीपासून मोजते. त्यामुळे अख्खी फाइल सिस्टिमच उचलून डावीकडे नेऊन ठेवावी लागते. ते माउंट असताना, म्हणजे सिस्टिमला जोडून वापरात असताना, होत नाही. बाहेरून, लाइव्ह (स्वतःवरूनच सिस्टिम चालवणाऱ्या) पेनड्राइव्हवरून करावं लागतं.

दुसरा मार्ग आहे: काहीही न हलवता मोकळ्या जागेत नवं ईएक्सटी४ बनवायचं आणि होम (माझ्या स्वतःच्या फाइलींचं फोल्डर) तिकडे न्यायचं. धोका खूप कमी. सकाळभर याच बाजूनं मन होतं. मग होमचा आकार बघितला: १९ जीबी. फुगतंय ते होम नाहीच, व्हर आहे, कंटेनर आणि व्हर्च्युअल मशिन असतात ते फोल्डर. होम हलवून रूटला १९ जीबी मिळतील आणि १०० जीबी भलत्याच ठिकाणी मोकळे पडतील. व्हर वेगळं काढलं तर आज कुणाला किती द्यायचं याचा अंदाज बांधावा लागेल, आणि तीन वर्षांपूर्वी ‘निम्मे-निम्मे’ केलं तो अंदाजच आज अंगाशी आलाय. म्हणून एकच सलग रूट करायचा. फाइल सिस्टिम बीटीआरएफएस असती, किंवा खाली एलव्हीएम असतं, तर डावीकडची जागा न हलवता सरळ जोडून घेता आली असती. पुढच्या वेळी मशीन बसवताना हे लक्षात ठेवायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी विंडोजच्या आत काय काय आहे ते बघायला बसले.

विंडोजचं पार्टिशन उघडताना सूचना दिसली की ते हायबरनेट झालेल्या अवस्थेत आहे, फक्त वाचता येईल. कारण फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून झोपतं. अशा वेळी बाहेरून काही लिहिलं तर जागं झाल्यावर त्याचा हिशोब चुकतो. मला फक्त वाचायचं होतं, त्यामुळे अडलं नाही. बिटलॉकरचं कुलूप नव्हतं हेही बरं झालं. ते असतं तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधत बसावं लागलं असतं, आणि ती हाती येईपर्यंत डिलीटचं नावही काढता आलं नसतं.

यूझर्स फोल्डरमधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स बाहेरच्या डिस्कवर उतरवले. ३४ जीबी. लपवलेलं ॲपडेटाही घेतलं; ब्राउझरचे बुकमार्क आणि मेलचे जुने साठे तिथेच असतात. प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये बाबांच्या हिशोबाच्या प्रोग्रामचा डेटा सापडला. तो यूझर्समध्ये नव्हता, त्यामुळे नुसत्या यूझर्सवर विसंबून राहिले असते तर तो गेला असता.

मग डॉक्युमेंट्समधलं ‘पत्रे’ नावाचं फोल्डर उघडलं. दोनशेच्या वर फाइली. पहिली उघडली तर इंग्रजी अक्षरं, आकडे, अवतरणचिन्हं आणि कंस यांची खिचडी. दुसरी तशीच, तिसरी तशीच. क्षणभर वाटलं, फाइली बिघडल्या. चौथ्या फाइलीत वर तारीख होती, खाली तीन ओळींचा पत्ता असावा तसा आकार होता, मग एक ओळ सोडून परिच्छेद. मांडणी जशीच्या तशी होती, फक्त अक्षरं वाचता येत नव्हती. तेव्हा लक्षात आलं, ही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली मराठी आहे. अशा फाइलीत ‘क’ साठवलेलाच नसतो. रोमन लिपीतल्या कुठल्यातरी चिन्हाचा क्रमांक साठवलेला असतो आणि त्या जागी ‘क’चं चित्र काढायचं काम तो विशिष्ट फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की मराठी गेली.

बाबांना फोन लावला.

“बाबा, तुमची जुनी पत्रं कुठल्या फॉन्टमध्ये आहेत?”

“अगं, तो टायपिंगचा कोर्स केला तेव्हाचा. नाव नाही आठवत. मशीनमध्येच असेल की.”

“मशीनच रिकामं करतेय.”

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “आजीला लिहिलेली पत्रं आहेत त्यात. बघून कर.”

फॉन्ट विंडोज फोल्डरच्या आतल्या फॉन्ट्समध्ये होता. जे फोल्डर ‘ते तर सिस्टिमचं, त्यात माझं काय असणार’ म्हणून मी घेणारच नव्हते, नेमकं तेच. फॉन्ट्स अख्खं उतरवून घेतलं. तो फॉन्ट डेबियनवर बसवला आणि चौथी फाइल पुन्हा उघडली: ‘ती. सौ. आईस, शि. सा. न.’ पुढचं आज वाचलं नाही. सगळ्या पत्रांच्या पीडीएफ काढल्या, फॉन्ट आतच बसवून, म्हणजे आता ती कुठल्याही मशीनवर उघडतील. युनिकोडमध्ये बदलण्याचं काम निवांतपणे वेगळं करेन.

रात्रीचे साडेअकरा झाले. या एका संध्याकाळमुळे अख्खं वेळापत्रक आठवडाभर पुढे गेलं तरी चालेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

विंडोज शेवटचं चालू केलं. करायची कामं तीन होती.

एक, फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद करून पूर्ण शट डाउन. आता डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेताना पार्टिशन स्वच्छ अवस्थेत असेल.

दोन, हिशोबाच्या प्रोग्रामचं ॲक्टिव्हेशन त्या प्रोग्रामच्या आतूनच सोडवलं. काही सॉफ्टवेअर किती मशीनवर बसवलंय ते मोजतात. इथून न सोडवता पुसलं असतं तर बाबांच्या नव्या लॅपटॉपवर ‘मर्यादा संपली’ असं दिसलं असतं.

तीन, फर्मवेअरचं (मशीनच्या आतच बसवलेल्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट. डेबियनवर फर्मवेअर अपडेट करणाऱ्या एफडब्ल्यूयूपीडीच्या यादीत हे मॉडेल नाही. बनवणाऱ्यांचं अपडेट फक्त विंडोजमधूनच चालतं, त्यामुळे ते आजच उरकलं. नंतर याच एका कामासाठी पुन्हा विंडोज बसवावं लागलं असतं.

परवान्याची काळजी मात्र नव्हती. विंडोज ८ पासून लॅपटॉपबरोबर येणाऱ्या विंडोजची की फर्मवेअरमध्येच, एमएसडीएम नावाच्या एसीपीआय टेबलात असते. डेबियनमधून पाहिलं, ते टेबल जागेवर आहे. डिस्क कोरी केली तरी की मशीनबरोबरच राहते.

दुपारी क्लोनझिलानं अख्ख्या डिस्कची इमेज घेतली, दोन्ही सिस्टिमसकट. क्लोनझिला वापरलेले ब्लॉकच घेतं आणि दाबून ठेवतं, त्यामुळे इमेज १११ जीबीत बसली. इमेज तपासून घ्यायचा पर्याय आहे, त्याला बराच वेळ लागतो, तरी चालवला. डेबियनच्या नेहमीच्या बॅकअपमधून दोन फोल्डर परत काढून बघितले. जो बॅकअप परत उघडून पाहिलेला नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही.

शेवटी एसजीडिस्कनं पार्टिशन टेबलची (डिस्कच्या भागांच्या यादीची) प्रत पेनड्राइव्हवर. ही फाइल काही केबींची, पण मोलाची. जीपीटी या पद्धतीत टेबल डिस्कच्या सुरुवातीला असतं आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. डिलीट केलं की दोन्हीकडची नोंद जाते, पार्टिशनच्या आतला डेटा मात्र हलत नाही. जुनं टेबल परत लिहिलं की पार्टिशन परत दिसतं. अट एवढीच, मधल्या काळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नसावं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी जीपार्टेड, पार्टिशन बदलायचं साधन, उघडलं. विंडोज अनमाउंट केलं. कागद शेजारी ठेवून प्रत्येक पार्टिशनचा क्रमांक, आकार आणि फाइल सिस्टिम तिन्ही जुळवून पाहिलं. नुसत्या क्रमांकावर विसंबत नाही. बाहेरची डिस्क जोडलेली असली तर जीपार्टेड उघडल्यावर समोर कुठली डिस्क येईल सांगता येत नाही. म्हणून बाहेरच्या सगळ्या डिस्क काढून ठेवल्या होत्या. मग दुसरं, तिसरं, चौथं डिलीट केलं. एकूण १२०.५ जीबी करड्या रंगात, ‘अनअलोकेटेड’. लागला वेळ अर्धा मिनिट.

अपडेट-ग्रब चालवलं. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर मुळात बंद असतं; मी ते ड्युअल बूटसाठी मुद्दाम चालू केलं होतं, आता परत बंद. मेनूतून विंडोजची ओळ गेली. रीबूट केलं.

आणि मशीन अडकलं. काळ्या पडद्यावर एक लाल तारका डावी-उजवीकडे सरकतेय, शेजारी लांबलचक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आणि सेकंद मोजणारा काटा: १ मिनिट ३० सेकंदांपैकी १२, १३, १४... मी तो यूयूआयडी वाचला आणि पोटात गोळा आला, कारण मला तो डेबियनचा वाटला. नव्वद सेकंद संपले. इमर्जन्सी मोडचा संदेश आला आणि त्याखाली दुसरा: रूट खातं बंद असल्यामुळे कन्सोल देता येत नाही. एंटर दाबलं की तेच पुन्हा.

कागद हातात घेतला. तो यूयूआयडी डेबियनचा नव्हताच. सोळा अक्षर-आकड्यांचा, मध्ये एकही रेघ नाही, तो एनटीएफएसचा. ईएक्सटी४ चा लांब असतो आणि त्यात चार रेघा असतात. म्हणजे डेबियनला काही झालेलं नव्हतं. ते गेलेल्या विंडोजची वाट बघत थांबलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एफएसटॅबमध्ये (काय काय माउंट करायचं त्याच्या यादीत) विंडोजचं पार्टिशन बूट होतानाच माउंट व्हावं अशी ओळ मी घातली होती. ‘नोफेल’ हा शब्द त्या ओळीत नव्हता. तो नसला की सिस्टिमडी (बूट होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ते पार्टिशन अत्यावश्यक धरतं, ९० सेकंद वाट बघतं आणि नाही मिळालं तर पुढे जायला नकार देतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून डेबियनचं पार्टिशन माउंट केलं, ती ओळ काढली, रीबूट. सगळं सुरळीत. एकूण पंचवीस मिनिटं गेली, त्यातली पहिली दहा नुसती छातीत धडधड होण्यात.

पार्टिशनच्या आत काय आहे हे मी बघितलं होतं, शेजारी कोण आहे हेही. त्याला नावानं हाक मारणारं कोण कोण आहे हे विचारायचं राहिलं. ते काम आता केलं: ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींत, माझ्या स्क्रिप्टमध्ये आणि होममध्ये त्या यूयूआयडीचा आणि माउंटच्या पत्त्याचा शोध घेतला. तीन ठिकाणं निघाली. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ, फाइल मॅनेजरचा एक बुकमार्क, आणि ‘जुने फोटो’ नावाची सिम्बॉलिक लिंक, जी आता कुठेच जात नाही. बॅकअपची ओळ सगळ्यात घातक होती. ते फोल्डर रिकामं दिसलं असतं आणि ‘मूळ जागी नाही म्हणजे इथूनही पुसा’ या नियमानं बॅकअपमधले जुने फोटोही आज रात्रीच गेले असते. ओळ काढली, फोटो ५ तारखेच्या प्रतीतून होममध्ये आणले, लिंक पुसली.

मोकळ्या जागेला आठवडाभर हात लावायचा नाही. काही राहिलंय असं आठवलं तर टेबलची प्रत आहे, आणि तीही चालली नाही तर टेस्टडिस्कनं पार्टिशन शोधता येईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभरात काहीच आठवलं नाही. बाबांनाही विचारलं. “पत्रं आली ना, मग बाकी काही नाही,” म्हणाले.

आज हलवायचं. सुरुवात करण्याआधी कागदावर एक हिशोब केला, आणि तो करून बरं वाटलं. डेबियन ११७.८ जीबीचं, आणि ते डावीकडे सरकणार १२०.५ जीबीनं. सरकण्याचं अंतर पार्टिशनच्या लांबीपेक्षा जास्त आहे, म्हणजे जुनी जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत नाहीत. मध्येच वीज गेली तरी जुन्या जागेवरची मूळ प्रत शाबूत असेल. सरकण्याचं अंतर लहान असतं तर नवं लिखाण जुन्याच्याच अंगावर झालं असतं, आणि अर्ध्यावर थांबलं तर ना धड जुनं राहिलं असतं ना नवं. तेव्हा इमेजशिवाय दुसरा आधार उरत नाही.

तरीही चार्जर लावला, बॅटरी १०० टक्के, झाकण मिटलं तर झोपण्याची सोय बंद. जीपार्टेड लाइव्हवरून बूट केलं. त्याच्या आकाराच्या पट्टीत डेबियन डावीकडे टोकापर्यंत ओढलं, मग उजवी कड शेवटपर्यंत ताणली.  ‘अप्लाय’ म्हटल्यावर इशारा येतो: पार्टिशन हलवल्यानं सिस्टिम बूट न होण्याची शक्यता आहे. तो वाचला, टाळला नाही. माझं ग्रब रूटला यूयूआयडीनं शोधतं आणि हलवल्यानं यूयूआयडी बदलत नाही, एवढं ईएफआय पार्टिशनमधली ग्रबची छोटी फाइल उघडून आधीच पाहून ठेवलं होतं.

११:०५ ला सुरू. आधी फाइल सिस्टिमची तपासणी, मग हलवणं, मग पुन्हा तपासणी, मग वाढवणं. मधला टप्पाच मोठा. पट्टी हळूहळू भरत होती आणि मी खोलीतून हलले नाही. करण्यासारखं काही नव्हतं, पण उठवेना. ११:३४ ला सगळ्या टप्प्यांवर हिरवी खूण.

पेनड्राइव्ह काढला, रीबूट. ग्रबचा मेनू, डेबियनची ओळ, लॉगिनचा पडदा.

रूट आता २३८.४ जीबीचं पार्टिशन. डीएफ या जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये आकार २३४, मोकळे ११६. पहिल्या दिवशी हाच आकडा ३ होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

साफसफाई.

मोकळ्या जागेचा हिशोब बसत नव्हता: २३४ मधून १०६ गेले की १२८ उरायला हवेत, दिसतात ११६. मधले १२ जीबी ईएक्सटी४ नं रूटसाठी राखून ठेवलेत. मुळात ५ टक्के राखायची पद्धत आहे, म्हणजे डिस्क काठोकाठ भरली तरी सिस्टिमच्या सेवा चालू राहतात. पण टक्केवारी तीच ठेवली तर पार्टिशन वाढलं की राखीव जागाही वाढते, आणि या मशीनला बारा जीबी राखीव लागत नाहीत. ट्यून२एफएसनं ती १ टक्क्यावर आणली. मोकळे १२५. शून्य टक्के करणार नाही. डिस्क पुन्हा कधी काठोकाठ भरली तर सिस्टिम चालू राहील ती याच राखीव जागेच्या जिवावर.

मग ईएफआय पार्टिशन. मायक्रोसॉफ्टचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर, मग डिलीट. ‘बूट’ फोल्डरमधल्या फाइलीवर मात्र थांबले. बूटची यादी रिकामी झाली तर फर्मवेअर शेवटचा पर्याय म्हणून हीच फाइल चालवतं. तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) विंडोजच्या बूट मॅनेजरच्या फाइलीशी ताडून पाहिला: तंतोतंत तोच. म्हणजे आणीबाणीत मशीन ज्या दारावर जाणार, त्याच्या मागचं घर मी पाडून टाकलंय. ग्रब-इन्स्टॉल त्या पर्यायी जागेसाठीही चालवलं, आता तिथे डेबियनची फाइल आहे. ईएफआयबूटएमजीआरनं ‘विंडोज बूट मॅनेजर’ची नोंदही काढली. दोनदा रीबूट करून पाहिलं, ती परत उगवली नाही.

घड्याळ राहिलं होतं. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). दोघांचं भांडण मिटवायला मी डेबियनलाच स्थानिक वेळ धरायला लावलं होतं. आता परत यूटीसी.

सगळ्यात शेवटी एफएसट्रिम. हे मुद्दाम शेवटी, आणि त्यासाठी कालपासून त्याचा आठवड्याचा टायमरही थांबवून ठेवला होता. त्यानं फाइल सिस्टिममधली सगळी रिकामी जागा एसएसडीला ‘ही आता वापरात नाही’ म्हणून कळवली जाते. एसएसडीला ते चांगलं, पण जुनं विंडोज कालच्या हलवण्यात बहुतेक पुसलं गेलंच आहे, आणि यानंतर उरलंसुरलं जुनं काहीही टेस्टडिस्कलाही सापडणार नाही. पीडीएफचं फोल्डर उघडून पुन्हा एकदा बघितलं, २१४ फाइली. बाबांना पाठवलेल्या प्रती पोचल्याचा त्यांचा निरोप होता. एंटर दाबलं. उत्तर आलं, शंभराहून जास्त जीबी ट्रिम. टायमर पुन्हा चालू केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठवडा रोजच्या कामात गेला, मशीननं कुठे अडवलं नाही. कंटेनर नव्यानं बांधले, तिसरं व्हर्च्युअल मशीन बसवलं, तरी ९० जीबी मोकळे आहेत.

यादीत आता पहिलं पार्टिशन आणि त्यानंतर थेट पाचवं दिसतं. क्रमांक ओळीत लावता येतात, पण चालतंय ते केवळ दिसण्यासाठी हलवायचं नाही. जुन्या कागदाच्या पाठीवर नवी पट्टी काढली, दोनच खोल्यांची, आणि पाचव्या क्रमांकाशेजारी ‘हे असंच आहे, बिघाड नाही’ असं लिहिलं.

८ तारखेची इमेज बाहेरच्या डिस्कवर सहा महिने राहील. वर चिठ्ठी लावलीय, २३ मे २०२६. एफएसटॅबमध्ये बाहेरच्या डिस्कसाठी दोन ओळी घातल्या, दोन्ही ‘नोफेल’सकट.

पत्रांपैकी अकरा युनिकोडमध्ये झाली. रूपांतर करणारं साधन रफार आणि जोडाक्षरं चुकवतं, त्यामुळे प्रत्येक पत्र पीडीएफशी ताडून हातानं दुरुस्त करावं लागतंय. २०३ राहिली.